बॉयलर कां फुटतो?

वैशाख सरत आला म्हणजे कोंकणांत घरोघर कौलें परतण्याची धांदल सुरू होते. कोणतें कौल तडकलें आहे, कोणता वासा किडला आहे, हें खालून दिसत नाहीं. म्हणून गळती लागण्याची वाट न पाहतां घरधनी माणूस वर चढवतो आणि मृगापूर्वीं छप्पर पाहून घेतो. तहान लागल्यावर विहीर खणूं नये, हें आपल्याकडे पोरासोरांसही ठाऊक आहे. परंतु श्रोतेहो, छपराविषयीं जें शहाणपण आपणांस पिढ्यान्‌पिढ्या अवगत आहे, तें कारखान्यांतील यंत्रांविषयीं येण्यास माणसाला शंभरावर वर्षें लागलीं. आणि त्या शिक्षणाची किंमत यंत्रें विकत घेणारांपेक्षां तीं चालविणारांनींच अधिक मोजली. ही कथा सांगण्यासाठीं यंत्रांच्या अफाट संसारांतून मी मुख्यतः एकच यंत्र निवडतों. तें म्हणजे वाफेचा बॉयलर.

आपल्यापैकीं बहुतेकांच्या स्वयंपाकघरांत त्याचें एक चिमुकलें भावंड आहे. प्रेशर कुकरच्या झाकणावर शिटीचें जें वजन बसतें तें, आणि त्याच्या शेजारीं सेफ्टी व्हाल्वची जी लहानशी टिकली असते ती, या दोहोंचाही इतिहास बराच जुना आहे. देनी पापँ नांवाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानें लंडनांत असतां १६८० च्या सुमारास हाडेंसुद्धां शिजवून मऊ करणारें एक बंद भांडें तयार केलें, आणि तें फुटूं नये म्हणून त्याच्या झाकणावर वजनाच्या दांड्यानें दाबून ठेवलेली एक झडप बसविली. आंतील दाब वाजवीपेक्षां वाढला कीं झडप उचलली जाई आणि वाफेला वाट मिळे. पुढें वाफेचें एंजिन आलें. जेम्स वॅट हा सावध मनुष्य होता. त्यानें आपल्या बॉयलरांतील दाब बाहेरच्या हवेच्या दाबाहून फारसा वाढूं दिला नाहीं. कॉर्नवॉलच्या रिचर्ड ट्रेव्हिथिकला मात्र लहान आणि जोरदार एंजिन हवें होतें, आणि त्यासाठीं दाब वाढविण्यावांचून गत्यंतर नव्हतें.

१८०३ च्या सप्टेंबर महिन्यांत लंडनजवळ ग्रिनिच येथें ट्रेव्हिथिकचें एक एंजिन पाणी उपसण्याच्या कामीं लावलेलें होतें. त्यावर देखरेख करणारा पोरगा वाम मासे धरण्याच्या नादानें बाजूला गेला आणि काम दुसऱ्या एका मजुरावर सोंपवून गेला. त्या मजुरानें एंजिन थांबविलें. पण वाफेची झडप दाबून धरलेली होती, ती सोडली नाहीं. वाफ कोंडत गेली, बॉयलर फुटला आणि माणसें प्राणांस मुकलीं. वॅटच्या पक्षाला तर अशा बातमीची वाटच पाहावयाची होती. ट्रेव्हिथिकनें दोष त्या निष्काळजीपणाला दिला खरा, पण तेवढ्यावर तो थांबला नाहीं. यापुढें प्रत्येक बॉयलरास एकीऐवजीं दोन झडपा असाव्या, आणि बॉयलरच्या पत्र्यांत शिशाचें एक बूच असावें, म्हणजे पाणी आटून पत्रा तापूं लागला कीं बूच वितळून वाफ आगींत शिरेल, अशी योजना त्यानें केली. आपल्या कुकरची ती टिकली याच बुचाची वंशज आहे. कामावरचा पोरगा उद्यांही मासे धरावयास जाईल, हें गृहीत धरून यंत्र बांधलें पाहिजे, एवढा विचार त्याच्या मनांत आला होता. मात्र हा विचार त्या काळच्या किती थोड्या लोकांस सुचला, हें पुढच्या पन्नास वर्षांनीं दाखविलें.

बॉयलर फुटतो म्हणजे काय होतें, याची कल्पना कुकरच्या अनुभवावरून येणार नाहीं. गिरणीच्या बॉयलरांत कित्येक टन पाणी, उकळण्याच्या अंशाहूनही बरेंच अधिक तापलेलें, केवळ दाबाच्या बळावर कोंडून ठेवलेलें असतें. पत्रा एके जागीं फाटला कीं तो दाब क्षणांत नाहींसा होतो आणि त्या पाण्याचा कांहीं अंश तत्काळ वाफ बनतो. मोकळ्या हवेंत पाण्याची वाफ झाली तर तिचें आकारमान १,६०० पटींहून अधिक वाढतें. मग तें लोखंडी धूड विटांच्या बैठकीवरून उखडून शेजारच्या इमारतींवर जाऊन आदळतें, भिंती कोसळतात, उकळतें पाणी आणि निखारे चहूंकडे उधळतात. त्याच्या तोंडाशीं कोळसा टाकीत उभा असलेला आगवाला बहुधा साक्ष द्यावयास उरत नाहीं.

ही शेवटची गोष्ट फार महत्त्वाची आहे. एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडांतील अशा अपघातांची चौकशी कॉरोनर आणि त्याचे पंच करीत. पंच त्याच गांवचे. त्यांना यंत्राचें ज्ञान नाहीं आणि गिरणीचा मालक ओळखीचा. मेलेला आगवाला बोलूं शकत नव्हता. त्यानें पाणी कमी पडूं दिलें असेल, झडपेवर जड वस्तु ठेवली असेल, तो पेंगला असेल. अशा तर्कांवर भागलें तर ठीक, नाहीं तर 'अपघाती मृत्यु' हा निकाल ठरलेला. त्यांत विद्वानांनींही, नकळत म्हणा, मालकांची सोय केली. तापलेल्या पत्र्यावर वाफेचें विघटन होऊन हायड्रोजन निर्माण होतो आणि तो पेटतो, असें कोणी म्हणे. बॉयलरांत वीज सांठते, असें दुसरा कोणी सांगे. कारण जितकें गूढ, तितकी जबाबदारी दूर. अमेरिकेंत फिलाडेल्फिया येथील फ्रँकलिन संस्थेनें अलेक्झांडर डॅलस बेच याच्या नेतृत्वाखालीं १८३० नंतरच्या पांचसहा वर्षांत सरकारी पैशानें या प्रश्नावर प्रयोग केले आणि हायड्रोजनाची कल्पना खोडून काढली. तरीही ती पुढें कित्येक वर्षें कोर्टकचेऱ्यांतून डोकें वर काढीत राहिली.

या धुक्यांतून वाट काढणारांमध्यें विल्यम फेअरबेर्न याचें नांव प्रथम घेतलें पाहिजे. १७८९ सालीं स्कॉटलंडांत केल्सो येथें जन्मलेला हा मनुष्य मँचेस्टरला आला आणि गिरण्यांचा अभियंता म्हणून नांवारूपास चढला. त्याची वृत्ति अशी कीं, लोखंडासंबंधीं कोणी कांहीं बोलला तर तें लोखंड ताणून, मोडून पाहावयाचें. बॉयलर म्हणजे रिवेट ठोकून जोडलेले पत्रे. त्या सांध्यांची ताकद किती? फेअरबेर्ननें प्रयोग करून दाखविलें कीं, अखंड पत्र्याची ताकद १०० धरली तर रिवेटांच्या दुहेरी ओळीच्या सांध्याची ७० भरते आणि एकेरी ओळीच्या सांध्याची अवघी ५६. म्हणजे पत्रा कितीही जाड घेतला तरी बॉयलर त्याच्या सांध्याइतकाच बळकट. ही गोष्ट एकदां आंकड्यांत मांडली गेल्यावर स्फोटासाठीं विजेची आणि हायड्रोजनाची कांहीं गरज उरली नाहीं. पत्रा दाबाच्या मानानें दुबळा असतो, म्हणून बॉयलर फुटतो. तो मुळांत दुबळा बांधला असेल, किंवा पुढें झिजून, गंजून दुबळा झाला असेल. मुळांतला दुबळेपणा हिशेबानें कळतो आणि मागाहून आलेला पाहिल्यानें कळतो.

पण पाहावें कोणीं? १८५४ सालीं मँचेस्टरजवळ रॉचडेल येथें एका गिरणीचा बॉयलर फुटून माणसें मेलीं. त्याच वर्षीं फेअरबेर्नच्या पुढाकारानें तेथील गिरणीवाल्यांनीं बॉयलरचे स्फोट टाळण्यासाठीं एक सभा स्थापन केली. तिचें मूळ नांव बरेंच लांबलचक होतें. पुढें ती मँचेस्टर स्टीम यूजर्स असोसिएशन या नांवानें प्रसिद्ध झाली. सभासदानें वार्षिक वर्गणी द्यावी, आणि सभेच्या पगारी निरीक्षकानें त्याचा बॉयलर पाहून लेखी अहवाल द्यावा, अशी व्यवस्था होती. निरीक्षक मालकाचा नोकर नव्हता आणि बॉयलर बांधणाऱ्याचाही नव्हता. आज ही गोष्ट साधी वाटते, पण सगळ्या सुधारणेचा पाया हाच आहे.

निरीक्षकाचें काम कसें चाले हें सांगण्यासारखें आहे. बॉयलर बाहेरून पाहून फारसें कळत नाहीं. तो खरोखर पाहावयाचा तर विस्तव काढून, पाणी सोडून, दोनतीन दिवस थंड होऊं द्यावा लागतो. मग माणसाच्या खांद्याएवढ्या भोंकांतून निरीक्षक आंत उतरे. एका हातांत मेणबत्ती, दुसऱ्या हातांत लहान हातोडी. पत्र्यावर हातोडी मारीत तो सरपटत पुढें जाई. धड पत्रा खणखणीत वाजतो. आंतून खाल्लेला पत्रा बद्द वाजतो, आणि क्वचित् हातोडी आरपारही जाई. पाण्यांतील क्षारांचा थर पत्र्यावर बसला असेल तर तो खरवडून पाहावा लागे, कारण त्या थरामुळें पाणी पत्र्याला भिडत नाहीं आणि पत्रा विस्तवानें नको तेवढा तापतो. सर्वांत फसवी जागा म्हणजे बॉयलर जेथें विटांच्या बांधकामावर टेकतो ती. सांध्यांतून झिरपणारें पाणी विटांत मुरतें आणि ओल्या विटांखालीं लोखंड वर्षानुवर्षें निमूटपणें गंजत राहतें. वरून रंग दिलेला, पितळी नळ घासून लख्ख केलेले, आणि खालीं पत्रा कागदाएवढा उरलेला, असे बॉयलर या निरीक्षकांस आढळले आहेत. हें आगवाल्यास दिसण्याची सोय नव्हती. आणि ज्या मालकाला दिसूं शकलें असतें, त्याला गिरणी तीन दिवस बंद ठेवण्याचें जिवावर येई.

सभेनें दुसरें एक काम केलें, आणि माझ्या मतें तें हातोडीहूनही मोलाचें होतें. देशांत कोठेंही बॉयलर फुटला, मग तो सभासदाचा असो वा नसो, त्याची माहिती मिळवून ती वही भरत गेली. बॉयलर कोणत्या जातीचा, किती वर्षांचा, पत्रा कोठें फाटला, त्या जागीं त्याची जाडी किती उरली होती. लॅव्हिंग्टन फ्लेचर हा अनेक वर्षें सभेचा मुख्य अभियंता होता. त्याच्या अहवालांतून एकच सूर पुनःपुनः उमटतो. स्फोटांत कांहीं गूढ नाहीं. फुटलेले बॉयलर बहुतेक वाईट बांधणीचे किंवा वाईट स्थितींतले होते, आणि वेळीं तपासणी झाली असती तर हा दोष दिसला असता. स्फोटांची टिपणें शेंकड्यांनीं जमल्यावर मेलेल्या आगवाल्यावर सगळा भार टाकणें पूर्वीइतकें सोपें राहिलें नाहीं.

या सभेंत विम्यावरून जो वाद झाला तोही मनोरंजक आहे. स्फोटानंतर नुकसान भरून देण्याची हमी आपण द्यावी काय? फेअरबेर्नच्या मताच्या लोकांस तें नको होतें. पैसे परत मिळणार म्हटल्यावर मालक बेफिकीर होईल, आणि मेलेल्या माणसाची भरपाई कोण करणार, असा त्यांचा आक्षेप. त्यांत तथ्य नव्हतें असें नाहीं. परंतु इकडे स्वतंत्र विमा कंपन्या निघाल्या आणि त्यांनीं गिऱ्हाइकें ओढावयास सुरुवात केली, तेव्हां सभेलाही हमी देणें भाग पडलें. अनुभव मात्र भीतीच्या उलट आला. ज्याला स्फोटाचे पैसे भरावे लागणार, तो विमेदारच बॉयलर तपासण्याविषयीं सर्वांत दक्ष झाला. सरकार नेहमींप्रमाणें सर्वांच्या मागून आलें. १८८२ च्या कायद्यानें प्रत्येक स्फोटाची तांत्रिक चौकशी बोर्ड ऑफ ट्रेडकडे गेली, आणि कारखान्यांतील बॉयलर दर चौदा महिन्यांत एकदां तज्ज्ञाकडून तपासून घेतलाच पाहिजे, असें बंधन यावयास १९०१ साल उजाडलें. सभेच्या स्थापनेपासून सत्तेचाळीस वर्षें!

अमेरिकेनें हाच धडा अधिक भयंकर रीतीनें घेतला. १८६५ च्या एप्रिलांत यादवी युद्ध संपलें होतें, आणि शत्रूच्या कैदेंतून सुटलेले उत्तरेकडील सैनिक मिसिसिपी नदीवरून घरीं निघाले होते. 'सुलताना' नांवाच्या आगबोटीच्या एका बॉयलरचा पत्रा फुगल्याचें व्हिक्सबर्ग येथें आढळलें. ते पत्रे काढून नवे बसवावयाचे तर कांहीं दिवस मोडणार, आणि तोंपर्यंत दरडोई भाड्याचे शिपाई दुसरी बोट घेऊन जाणार. म्हणून कप्तानानें त्या जागीं पातळ पत्र्याचें ठिगळ मारून घेतलें. बोटीची कायदेशीर क्षमता ३७६ माणसांची. तिच्यावर चढलीं दोन हजारांहून अधिक. २७ एप्रिलच्या मध्यरात्रीनंतर मेम्फिस शहर मागें टाकल्यावर बॉयलर फुटले आणि हजारांहून अधिक माणसें भाजून व बुडून मेलीं. कप्तानही वांचला नाहीं. तें ठिगळ एकटेंच दोषी होतें असें म्हणतां येत नाहीं. नदीचें गढूळ पाणी आणि त्या बॉयलरांची नळ्यानळ्यांची रचना यांचाही वांटा होता. परंतु वेळ वांचविण्यासाठीं मारलेल्या ठिगळाचें याहून ठळक उदाहरण मला ठाऊक नाहीं. पुढच्याच वर्षीं हार्टफर्ड शहरांत बॉयलरची तपासणी आणि विमा एकत्र करणारी कंपनी स्थापन झाली. तिची कल्पना तेथील कांहीं तरुणांच्या मंडळांत १८५७ पासूनच घोळत होती.

तरीही २० मार्च १९०५ रोजीं मॅसॅच्युसेट्स संस्थानांत ब्रॉक्टन येथील जोड्यांच्या कारखान्यांत बॉयलर फुटून आणि आग लागून ५८ माणसें मेलीं. त्या दिवशींचा योगायोग चमत्कारिक आहे. नवा बॉयलर देखभालीसाठीं बंद ठेवला होता आणि त्याच्या जागीं जुना चालविला होता. देखभाल झाली ती बदलीचें यंत्र धड आहे किंवा नाहीं हें न पाहतां. या घटनेनंतर त्या संस्थानानें बॉयलरचे नियम केले, आणि अमेरिकन यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेनें १९११ सालीं समिति नेमून १९१४ सालीं बॉयलरबांधणीची पहिली संहिता तयार केली.

आतां आपल्याकडे वळूं. ज्या १८५४ सालीं मँचेस्टरला ती सभा भरली, त्याच सालीं कावसजी नानाभाई दावर यांनीं मुंबईंत कापडाच्या गिरणीची कंपनी उभारली. ताडदेवची ती गिरणी १८५६ सालीं सुरू झाली. यंत्रें लँकेशायरहून येत. आंतून दोन नळकांड्यांत विस्तव पेटविण्याचा जो लँकेशायर बॉयलर, त्याचें पेटंट फेअरबेर्ननेंच जॉन हेदरिंग्टन याच्यासह १८४४ सालीं घेतलेलें होतें. परळ-लालबागच्या धुराड्यांखालीं पुढें कित्येक दशकें हाच बॉयलर धगधगत राहिला. यंत्र आलें, पण त्याच्या मागून तपासणी आपोआप आली नाहीं. १८६३ सालीं कलकत्त्यास एक मोठा स्फोट होऊन माणसें मेलीं, तेव्हां १८६४ सालीं बंगालनें कलकत्ता व उपनगरें यांपुरता बॉयलर-तपासणीचा कायदा केला. हिंदुस्थानांतील तो पहिला. मग एकामागून एक प्रांतांनीं आपापले कायदे केले, असे सात, आणि एकाचा दुसऱ्याशीं मेळ नाहीं. वाफेचा दाब सर्व प्रांतांत सारखाच असला तरी पत्र्याच्या जाडीचे नियम सारखे नव्हते! अखेर १९२० सालीं समिति नेमली गेली, १९२३ सालीं सर्व देशासाठीं एक बॉयलर कायदा झाला आणि १ जानेवारी १९२४ पासून तो अमलांत आला. दाखल्यावांचून बॉयलर चालवूं नये, दाखल्याची मुदत संपतांच तो पुन्हां तपासून घ्यावा, आणि अपघात झाल्यास चोवीस तासांच्या आंत मालकानें कळवावें, हीं त्याचीं मुख्य कलमें. तो कायदा शंभर वर्षांहून अधिक टिकला. २०२५ सालीं त्याच्या जागीं नवा कायदा आला.

दसऱ्याला आपल्या कारखान्यांतून यंत्रें पुसून त्यांस झेंडूच्या माळा घालतात. सुधारक मंडळी त्याला हंसतात. मला त्यांत हंसण्यासारखें कांहीं दिसत नाहीं. वर्षांतून एक दिवस तरी यंत्र थांबतें आणि कोणी तरी फडकें घेऊन त्याच्या सांध्यासांध्यांतून बोटें फिरवतो. खंत एवढीच कीं, फडकें फिरविणाऱ्याला जें आढळतें तें कोणत्याही वहींत जात नाहीं.

येथपर्यंत ऐकून असें वाटेल कीं, यंत्र जितकें अधिक वेळां उघडून पाहावें तितकें बरें. अभियंत्यांचीही बराच काळ हीच श्रद्धा होती. तिला धक्का बसला तो दुसऱ्या महायुद्धांत, आणि तो धक्का देणारे लोक अभियंते नव्हते. ब्रिटिश वायुदलाच्या कोस्टल कमांडकडे अटलांटिक समुद्रावर जर्मन पाणबुड्यांचा शोध घेण्याचें काम होतें. विमानें थोडीं आणि त्यांतील बरींचशीं सदा दुरुस्तीच्या शेडींत. याचा विचार करण्यास जे शास्त्रज्ञ बोलावले, त्यांत कॉनराड हॅल वॉडिंग्टन हा कोंबडीच्या अंड्यांतील गर्भाचा अभ्यास करणारा जीवशास्त्रज्ञ होता, आणि सेसिल गॉर्डन हा आनुवंशिकतेचा अभ्यासक होता. विमानाचें तोंड ओळखण्यापलीकडे त्यांना विमानाविषयीं फारसें ठाऊक नसावें, असें कोणासही वाटेल. पण त्यांस वह्या वाचावयाची संवय होती.

त्यांस पहिल्यानें दिसलें तें हें कीं, ठराविक प्रमाणांत विमानें नेहमीं सज्ज असावीं, हा दंडकच उलटा परिणाम करीत होता. विमान उडालें तर बिघडणार; मग तें सज्ज दाखविण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे तें कमी उडविणें! एखाद्या घरांत पाहुण्यांसाठीं कपबशा सदैव अभंग राहाव्या म्हणून त्यांतून कोणासच चहा देऊं नये, तसा हा प्रकार. त्यांनीं हिशेबाचें माप बदलविलें. सज्ज विमानें मोजूं नका, समुद्रावर झालेले उड्डाणाचे तास मोजा, आणि दुरुस्तीचे मनुष्यबळ त्या तासांच्या बेतानें आंखा.

दुसरा शोध अधिक विलक्षण होता. प्रत्येक विमानाची दर पन्नास उड्डाण-तासांनीं तपासणी होई. वॉडिंग्टनच्या मंडळींनीं अनपेक्षित बिघाडांच्या नोंदी घेतल्या आणि प्रत्येक बिघाड मागील तपासणीनंतर किती तासांनीं झाला हें मांडलें. तपासणी उपकारक असेल तर तिच्या लगेच नंतर बिघाड कमी आणि पुढची तपासणी जवळ येतां येतां जास्त, असें दिसावयास हवें. दिसलें तें नेमकें उलट. तपासणी होतांच बिघाड सर्वांत अधिक, आणि मग जसजसे तास जात तसतसे कमी. म्हणजे चांगलें चालणारें यंत्र उघडणें, त्याचे भाग हलविणें, पुन्हां बसविणें, यांतूनच नवे बिघाड शिरत होते. तपासण्यांमधील अंतर वाढविलें, कांहीं निरुपयोगी तपासण्या गाळल्या, आणि तींच माणसें, तींच विमानें अधिक तास उडूं लागलीं. हें सर्व युद्धकालीन गुपित. वॉडिंग्टनचें त्यावरील पुस्तक १९७३ सालीं बाहेर आलें.

तोंपर्यंत नागरी विमानकंपन्यांनीं स्वतःच्या वह्यांवरून तोच धडा पुन्हां काढला होता. १९७८ सालीं युनायटेड एअरलाइन्सच्या स्टॅन्ली नोलन आणि हॉवर्ड हीप यांनीं अमेरिकेच्या संरक्षण खात्यासाठीं जो अहवाल लिहिला, त्यांत तपासलेल्या भागांपैकीं ८९ टक्के भाग असे निघाले कीं, ठराविक वयानंतर ते काढून बदलल्यानें कांहीं लाभ नव्हता. डीसी-८ जातीच्या विमानांत ठराविक मुदतीनें पूर्ण उघडावयाचे भाग ३३९ होते; मागाहून आलेल्या, तिच्याहून मोठ्या आणि गुंतागुंतीच्या डीसी-१० विमानांत ते सातांवर आले. याचा अर्थ पाहणें सोडलें असा नाहीं. पाहण्याची रीत पालटली. यंत्र न उघडतां त्याची नाडी पाहावयाची. याची सुरुवात पुन्हां एका विमा कंपनीच्या अभियंत्यानेंच केली होती. टी. सी. रॅथबोन यानें १९३९ सालीं यंत्राच्या कंपनांचें माप घेऊन, किती कंप सुरक्षित आणि किती कंपावर यंत्र थांबवावें, याचा आलेख प्रसिद्ध केला. जुना फिटर बेअरिंगवर हात ठेवून किंवा स्क्रूड्रायव्हर कानाशीं धरून जें ऐके, तेंच तें. फक्त आतां तें आंकड्यांत लिहितां येऊं लागलें, आणि मागल्या महिन्याच्या आंकड्याशीं ताडून पाहतां येऊं लागलें.

या नव्या विचाराचा दुरुपयोगही झपाट्यानें होऊं शकतो. 'उगाच उघडूं नका' याचें 'उगाच खर्च करूं नका' असें भाषांतर हिशेबनिसाच्या टेबलावर फार लवकर होतें. फरक कळण्याची खूण एकच. नोलन-हीपनीं जी तपासणी गाळली, ती वह्या पाहून गाळली; जो केवळ पैसे वांचवितो, तो वह्या लिहिणारासच कमी करतो. यासाठीं दूर जावयास नको. भोपाळ येथील युनियन कार्बाइडच्या कारखान्यांत १९८४ सालीं तोट्यामुळें खर्च कमी करण्याचा सपाटा चालू होता. देखभालीचीं माणसेंही कमी केलीं होतीं. विषारी द्रव्याच्या टाक्या थंड ठेवणारें यंत्र जून महिन्यांतच बंद करून ठेवलेलें होतें. गळती झालीच तर वायु वर नेऊन जाळून टाकण्यासाठीं एक उंच मनोरा होता. डिसेंबरच्या २ तारखेच्या रात्रीं टाकी तापूं लागली आणि वायु बाहेर पडून झोंपलेल्या वस्त्यांवर पसरला, तेव्हां तो मनोरा जागच्या जागीं उभा होता. त्याच्याकडे जाणाऱ्या नळाचा एक तुकडा गंजून गेला होता, म्हणून दुरुस्तीसाठीं काढलेला होता. त्याच्या जागीं नवा तुकडा अजून बसविलेला नव्हता.